अडलेल्याला शब्द

वकीलसाहेबांशी बोलताना एक पथ्य पाळावं लागे. वाक्य सुरू केलं की दम न घेता संपवायचं. मधे कुठं थांबलात, नुसता आवंढा गिळायला थांबलात, तरी पुढचा शब्द साहेब देऊन मोकळे. तोही दबक्या आवाजात, मान खाली घालून, तुमच्या तोंडाकडे न बघता. आपण म्हणावं, "साहेब, उद्या मी जरा..." की खालून आवाज येई, "सासुरवाडीला जाऊन येतो." आपल्याला जायचं असे दाढ काढायला. पण शब्द इतक्या खात्रीनं आलेला असे की माणूस "हो, हो" म्हणून बसे. नंतर ते खोटं पडू नये म्हणून मी सासुरवाडीच्या एकदोन फेऱ्या उगाच मारल्या आहेत. सासरेबुवांना वाटे, जावई फार मायाळू आहे.

साहेब भोरच्या आमच्या नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर होते. वकिलीही करीत, पण ती सवड मिळेल तशी.

आता साहेब नाहीत, वकीलीणबाई नाहीत, मंडळ नाही. नीरेच्या काठी ज्या जागेत आमचा मांडव पडायचा तिथं कुणीतरी विटा पाडतं. संस्थानसुद्धा गेलं. ज्याला विचारावं तो म्हणतो, "चालायचंच, काळ बदलला." बदलला तर बदलला! काळाच्या बापाचं काय जातंय? माणसं गेली ती आमची.

साहेब वारले तेव्हा गावानं शोकसभा घेतली होती. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "या थोर दांपत्यानं नाट्यकलेला उदार आश्रय दिला." मी मागं बसलो होतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आश्रय म्हणे! आश्रय देणारे लोडाला टेकून देतात. या दोघांनी घर दिलं, घर. ओसरीवर तालमी, माजघरात रंगाची पेटी, कोठीच्या खोलीत पडदे. नाटकातल्या राजाला सिंहासन हवं म्हणून त्यांचा पलंग एकदा मांडवात गेला तो त्याचे पाय कापून तिथलाच झाला. त्यानंतर दोघं कायमची जमिनीवर घोंगडी अंथरून निजत. भाषणं करणाऱ्यांतला एकही माणूस आमच्या मांडवात शेवटच्या अंकापर्यंत बसलेला मला आठवत नाही. सभा झाली, चहा झाला, लोक घरी गेले. एवढ्यात आटोपलं त्या दोघांचं.

मंडळात मी कायम दुष्ट प्रधान. माझा आवाजच तसा, खरखरीत. साहेब प्रत्येकाला नाटकातल्या नावानं हाक मारीत, आणि ती नुसती तालमीत नाही, बाराही महिने. बाजारात भरल्या गर्दीत ओरडत, "काय प्रधान, वांगी काय भाव?" मी संस्थानच्या कचेरीत साधा कारकून. एकदा आमच्या वरिष्ठांसमोरच साहेब म्हणाले, "प्रधान, कारस्थान कुठवर आलं?" वरिष्ठ महिनाभर माझ्याकडे संशयानं बघत होते. पण मी साहेबांना कधी हटकलं नाही. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला दुसरं कोण प्रधान म्हणणार होतं?

प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमचे साहेब विंगेत मावत नसत. म्हणजे देह लहानसाच, पण नट जरा अडला की हे शब्द देता देता चार पावलं पुढं जात आणि लोकांना दिसत. म्हणून त्यांनी स्वतःसाठी रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा खणून घेतला. त्यात पोतं अंथरायचं, कंदील ठेवायचा, आणि वरून तेलाचा डबा उभा कापून तो डोक्यावर आडोशासारखा रोवायचा. तोंड नटांकडे, पाठ लोकांकडे. खेडोपाडच्या लोकांना साहेब ठाऊक होते ते एवढेच: एक अर्धा डबा, आणि त्यातून येणारा आवाज. मागचे लोक ओरडत, "डबेवालं, जरा मोठ्यांदी!" मग साहेब आवाज चढवीत, आणि लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायला मिळे. काहींना पहिलंच जास्त आवडे.

एका वर्षी खड्ड्यात त्यांना विंचू डसला. राज्याभिषेक चालला होता. साहेब कळवळून म्हणाले, "आई गं, मेलो!" आमचा राजा पक्का आज्ञाधारक. त्यानं मुकुट सावरला आणि घनगंभीर आवाजात म्हटलं, "आई गं, मेलो!" लोकांना वाटलं, राज्याचा भार फार जड झाला. साहेबांनी फणफणत्या पायानं उरलेले दोन अंक पुरे केले, आणि मगच उतारा करणाऱ्याला बोलवू दिलं.

कोर्टातही हेच. वेल्ह्याकडच्या एका बांधाच्या तंट्यात साहेब एका पक्षाचे वकील होते. समोरचा साक्षीदार उभा राहिला, आणि "जुना बांध कुठं होता?" या प्रश्नाला बिचारा अडला. घाम फुटला, ओठ हलेनात. साहेबांचा दावा तिथंच जिंकल्यात जमा होता. कोर्टात शांतता, आणि त्या शांततेत साहेबांच्या खुर्चीकडून दबका आवाज आला, "आंब्याच्या अलीकडं."

"व्हय व्हय, आंब्याच्या अलीकडं!" साक्षीदार आनंदानं ओरडला.

बाहेर आल्यावर साहेबांच्या अशिलानं कपाळावर हात मारला. "सायेब, तुमी माझं वकील का त्येंचं?"

"अरे, तो अडला होता रे," साहेब म्हणाले. "अडलेल्याला शब्द द्यावा. मग तो कुणाचा का असेना."

हे ते नेहमी म्हणत. या एका वाक्यानं त्यांच्या वकिलीचं वाटोळं केलं, आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

वकीलीणबाईंचं राज्य पडद्याच्या आत. त्या काळी आमच्या गावात बायका नाटकात उभ्या राहत नसत. बायकांची कामं पुरुषांनीच करायची, आणि त्या पुरुषांना बाई करायचं काम वकीलीणबाईंचं. त्यांची रीत अजब. नऊवारी नेसवायची, आणि संवाद बाजूला ठेवून घरकामाला जुंपायचं. लुगडं नेसून पाणी भर, लुगडं नेसून दळण दळ, विळीवर बसून भाजी चीर. "अगं ए, गुडघे मीट. बाई आहेस की बैल?" पोरगा दळून दळून घामाघूम झाला की म्हणत, "आता चालून दाखव. आधी दमायला शीक, बाई आपोआप दिसते." आणि खरंच दिसे हो. कामथडीच्या म्हादूची बायको एकदा तालमीला आली, नवऱ्याला चुलीपुढं भाकरी थापताना बघितलं आणि म्हणाली, "घरी तर ह्यास्नी पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतुया!"

हा म्हादू आमची राणी. कामथडीच्या शेतकऱ्याचा पोर. अंगानं शेलाटा, गळा मधाचा, पण तळहात नांगर धरून राठ झालेले आणि ओठावर झुबकेदार मिशी. मिशी हीच दरवर्षीची अडचण. आमच्याकडे खेड्यात मिशी उतरवायची ती एकदाच, बाप मेल्यावर. म्हादू चैत्रात मिशी काढायला निघाला की त्याचा बाप अंगणात येऊन गरजायचा, "म्या जिता हाय आजून! कुणाच्या नावानं काढतुयास?" मग वकीलीणबाई स्वतः बैलगाडीनं कामथडीला जात. म्हातारा म्हणे, "मिशी येईल वो बाईसाब, आब्रू येईल का?" बाई म्हणत, "तुमचा मुलगा आमच्याकडे आठ दिवस लेक म्हणून येतो. लेकीला कुठं मिशी असते?" म्हातारा हसे, आणि मिशी जाई.

आणि लेक म्हणजे बोलण्यापुरती नाही. खेळाच्या आधी राणीची साग्रसंगीत ओटी भरली जाई. पाटावर बसवून, कुंकू लावून, तांदूळ, नारळ, खण. पुरुषाची ओटी! गावातल्या सोवळ्या बायका तोंडाला पदर लावत. वकीलीणबाईंना सांगणार कोण? त्या म्हणत, "रंग लावला की ती माझी." त्यांना दोन मुलं झाली होती, दोन्ही पाळण्यातच गेली. दुसरं गेलं त्याच चैत्रात, रामनवमीच्या उत्सवात, आमचा हा खेळ सुरू झाला. तेव्हा भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं. तेव्हापासून एकही चैत्र खाडा नाही. एका वर्षी वळवानं मांडव उडाला तर दुसऱ्या दिवशी उघड्यावर खेळ केला. मी एकदा सहज विचारलं, "बाई, एखाद्या वर्षी खंड पडला तर काय आभाळ कोसळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग आम्ही दोघांनी घरात बसून काय करायचं?"

म्हादूच्या मिशीवरून एकदा फार वाईट झालं. तालमींचे दिवस होते. म्हादू ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, आणि ओठ साफ. वकीलीणबाईंनी बघितलं आणि हरखूनच गेल्या. "अहो, बाहेर या! पोर बघा! यंदा न सांगता मिशी काढून आली!" त्यांनी त्याच्या हातावर गूळखोबरं ठेवलं, पाट मांडला, त्याला बसवलंसुद्धा. म्हादू बोलायला बघत होता. "आई, म्या... म्या सांगाया आलोय का..." आणि अडला.

साहेब बाहेर आले होतेच. मान खाली, दबका आवाज. "यंदा लवकरच आलो."

"व्हय," म्हादू म्हणाला. "यंदा लवकरच आलो."

बाईंनी त्याची ओटी भरली. तो नमस्काराला वाकला तसं मुंडासं सरकलं आणि खालचं तुळतुळीत डोकं दिसलं. आम्ही सगळे तिथंच होतो. बाप जाऊन दहावा काल झाला होता. यंदा येत नाही म्हणून सांगून ये, असं म्हणून त्याच्या सख्ख्या आईनं त्याला पाठवलं होतं, आणि आम्ही त्याच्या हातावर गूळ ठेवला!

बाई मटकन खाली बसल्या. "अरे, बोलला का नाहीस रे?"

"तुमी येवढ्या हरखल्यासा," तो म्हणाला.

साहेब तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडेच बघत म्हणाले, "यंदा खेळ नाही." त्यांच्या तोंडून ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. म्हादूच म्हणाला, "आसं नगा करू, सायेब. तुमचा खंड नगं. म्या उभा राहतो." आणि राहिला. कामथडीत त्याला काय काय ऐकावं लागलं ते त्याचं त्याला माहीत. त्या वर्षी राणी जशी रडली तशी पुन्हा कधी रडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, टाळ्याच वाजवता येतात.

साहेबांची शेवटची दोन वर्षं मात्र मला आठवायची नसतात. ते शब्द देईनासे झाले. समोरचा बोलता बोलता थांबला की तेही थांबत, आणि थांबूनच राहत. मी मुद्दाम करून बघितलं. "साहेब, उद्या मी जरा..." म्हणून थांबलो. वाटलं, आता येईल खालून आवाज, पाठवतील सासुरवाडीला. ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सरळ तोंडाकडे, आणि बघतच राहिले. मी उठून घरी आलो आणि बायकोवर विनाकारण ओरडलो.

हे ज्या दिवसापासून झालं तो दिवस सांगितल्यावाचून सुटका नाही.

लढाईचे दिवस होते. मंडळ आधीच विस्कटत चाललं होतं. आमचा राजा खडकीच्या कारखान्यात लागला, विदूषक पलटणीत गेला. कापड रेशनवर, रॉकेल रेशनवर. नाटकातल्या राणीचा शालू मात्र शाबूत होता, कारण तो वकीलीणबाईंच्या लग्नातला होता. हिरवागार, जरीकाठी. स्वतः त्या तो कधी नेसत नसत. म्हणत, "माझ्या अंगावर कोण बघतंय? राणीच्या अंगावर चार गावं बघतात." फाल्गुनात त्यांना ताप धरला तो उतरेना. पडल्या पडल्या तालमी ऐकत आणि आतून ओरडत, "पदर! पदर सावर पोरी!" रामनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी साहेबांना जवळ बोलावलं. मी औषध घेऊन गेलो होतो, दाराशीच होतो. म्हणाल्या, "खेळ मोडू नका हं. आणि माझं काही झालं तर वेड्यासारखा शालू घालाल माझ्या अंगावर. नव्या शालूला कापड कुठलं मिळतंय? पोरीला काय नेसवाल?"

साहेब अडले. पहिल्यांदाच मी त्यांना अडलेलं बघितलं. बाईंनीच शब्द दिला. "बरं म्हणा."

"बरं," साहेब म्हणाले.

खेळाच्या दिवशी सकाळी बाई गेल्या.

शेजारच्या बायका जमल्या. अहेव बाई गेलेली, मळवट भरायचा, ओटी भरायची, हिरवं नेसवायचं. साहेबांनी त्यांचं रोजचं धुवट लुगडं काढून दिलं. विटलेलं, पदराला दंड घातलेलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हातारी धीर करून म्हणाली, "अहो, शालू आहे ना त्यांचा?" साहेब म्हणाले, "तो संध्याकाळी लागायचा आहे." बाहेर अंगणात कुजबुज सुरू झाली. बायकोचं प्रेत घरात आणि हा नाटकाचं बोलतोय! एकदोघं तर उठून चालते झाले. मला सगळं ठाऊक होतं, पण ते कुणाला सांगावं आणि कशासाठी?

तेवढ्यात म्हादू आला. खेळासाठी निघाला होता, मिशी काढलेली. वाटेतच त्याला कळलं होतं. तो सरळ आत गेला, त्या विटक्या लुगड्याकडे बघितलं, बाहेर आला. नदीकाठच्या मांडवात गेला, पेटीतून शालू काढला, आणून बायकांच्या हातात दिला.

"म्हादू," साहेब म्हणाले, "तो संध्याकाळी लागणार आहे."

"लागू द्या."

"तिनंच सांगितलंय. शालू खेळाला ठेवा म्हणून."

"ती तसंच सांगणार, सायेब. म्हणून आपुन ऐकायचं व्हय?"

"मग संध्याकाळी नेसशील काय?"

"सांच्याला म्या उभा राहणार न्हाई. मला सुतक हाय."

साहेबांना कळेना. "तुला कसलं सुतक?"

"लेकीला न्हाई का सुतक?" म्हादूचे डोळे भरले होते, पण आवाज हलत नव्हता. "बा गेला तवा तुमच्यासाठनं उभा राहिलो. आज न्हाई जमायचं."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे बघत गेले. बाईंनी मरताना मागितलेली एकच गोष्ट त्यांच्या हातून निसटत होती, आणि आमच्यात राणी होणारा दुसरा कुणी नव्हता. आम्ही माना खाली घातल्या. शेवटी त्यांनी बायकांना हातानंच खूण केली, नेसवा. बाई त्या शालूत इतक्या सुरेख दिसल्या की मला बघवेना. मी इतकी वर्षं विचार करतोय, चुकलं कोणाचं? साहेबांचं नाही. म्हादूचं तर नाहीच नाही. कुणाचंच चुकलेलं नसताना सगळं संपतं, हे मला आजही सहन होत नाही.

नीरेच्या घाटावर शालू जळाला. परत आलो तर दिवेलागण झालेली आणि मांडव गच्च भरलेला! गावातलं कुणी नव्हतं, गावाला बातमी कळली होती. पण सारोळ्याच्या, कामथडीच्या बैलगाड्या दुपारीच येऊन लागल्या होत्या. वेल्ह्याकडची माणसं भाकरी बांधून डोंगर उतरून आली होती. त्यांना कोण सांगणार? मी म्हटलं, "साहेब, मी सांगतो." ते म्हणाले, "नको. खेळ माझा आहे."

ओल्या धोतरानं, उघड्या डोक्यानं ते रंगमंचावर चढले. जन्मात पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून. पडदा बाजूला सारून लोकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, आज खेळ होणार नाही."

मांडव हसला. कारण आमच्या खेळाची सुरुवातच दरवर्षी तशी असे. सूत्रधार यायचा, तोंड पाडून सांगायचा, आज खेळ नाही, आणि मग विदूषक त्याला ओढून आत न्यायचा. साहेबांचा चेहरा त्या लोकांना कुठं ठाऊक होता? त्यांना डबा ठाऊक. त्यांना वाटलं, सोंग चांगलं आणलंय.

"हसू नका," साहेब म्हणाले. "घरी मयत झालंय."

हशा आणखी वाढला. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग जरा रडून दावा की!" पोरं शिट्ट्या मारू लागली. साहेब हात जोडून उभे राहिले. रडू त्यांना येईना. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत, आणि त्यालाही लोक हसत होते. मी विंगेतून पुढं व्हायला निघालो आणि मागं फिरलो. जन्मभर दुष्ट प्रधान केलेला मी, मला बघून तर ते अजूनच हसले असते.

मांडवाच्या दाराशी बसलेला म्हादू उठला. गर्दीतून वाट काढत पुढं आला, लोकांकडे वळला आणि ओरडला, "आरं, गप बसा! आई गेलीया माझी!"

कामथडीची माणसं चमकून बायकांच्या बाजूला बघू लागली. कारण म्हादूची आई तिथं बसलेली होती, पुढंच, मांडीवर नातू घेऊन. सगळा मांडव तिच्याकडे बघायला लागला. म्हातारीनं क्षणभर लेकाकडे बघितलं, स्टेजवरच्या साहेबांकडे बघितलं. नातू सुनेकडे दिला आणि उभी राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "त्येची आई गेली."

मग मांडवात कुणी हसलं नाही. पुढच्या बाया डोळ्यांना पदर लावून उठल्या, त्यांच्यामागून बाकीच्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या ती पोरं खाली मान घालून कनातीखालून निघून गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळासुद्धा लोकांनी हातानं धरल्या होत्या. एवढं सगळं रितं व्हायला बराच वेळ लागला, आणि साहेब तोवर हात जोडून तिथंच उभे होते, एकेका माणसाला बघत.

पुढच्या चैत्रात आम्ही जमलो नाही. कुणी कुणाला बोलावलंच नाही. खेळ मोडला तो मोडलाच.

त्या रात्री मांडव मोकळा झाला तसा मी साहेबांजवळ गेलो. म्हटलं, "साहेब, चला आता."

ते रिकाम्या मांडवाकडे बघत होते.

"प्रधान, एवढी माणसं यायची?"

"याहून जास्त यायची, साहेब. यंदा कमीच होती."

"मला ठाऊक नव्हतं हो," ते म्हणाले. "मी खड्ड्यात, पाठ करून. ती आत, लुगडी नेसवत." मी त्यांचा हात धरला. "इतकी वर्षं नाटक केलं, प्रधान. पण तिनं एकही खेळ पाहिला नाही. एकसुद्धा नाही."